जाळे विणण्याची साधने

जाळे विणण्याची साधने : मासेमारीचे जाळे हाताने विणण्यासाठी, त्याला योग्य आकार देण्यासाठी आणि फाटल्यावर ते दुरुस्त करण्यासाठी वापरण्यात येणारी सुई, मापपट्टी, खुंटी, कात्री इ. उपकरणे. ही साधने संख्येने थोडी, स्वस्त व घरी करता येण्याजोगी असतात. पाश्चात्त्य देशांत छंद म्हणून गळाने मासे पकडणारे लोक गळावर पिसे व धागे बांधून कृत्रिम माशी तयार करतात आणि त्यासाठी गळ घट्ट धरणारा लहान शेगडा, धाग्याची रीळधरणी, पिसांचा चिमटा अशी खास उपकरणे वापरतात. महाराष्ट्रातील नद्या व तलाव यांवर उपजीविका करणाऱ्या मच्छीमारांचे मुख्य साधन जाळे हे असल्याने येथे हातकामाचा तसाच बारकावा जाळ्याच्या सुईत व मापपट्टीत आढळतो. साधनांची निवड वरकरणी सोयीची बाब वाटली, तरी जाळ्यात कोणता मासा सापडेल व कोणता निसटेल, हे मुख्यतः या निवडीनेच ठरते.

जाळ्याच्या चौकटीसारख्या एका मोकळ्या घराला ‘आस’ म्हणतात. प्रत्येक आसाला चार बाजू व चार गाठी असतात. समोरासमोरच्या दोन गाठी विरुद्ध दिशांना ओढून आस पूर्ण मिटविला असता त्या गाठींमधील अंतराला ‘ताणलेल्या आसाचे माप’ म्हणतात. हे माप आसाच्या एका बाजूच्या दुप्पट असते. जाळ्यासंबंधीच्या व्यवहारात व नियमांत सामान्यतः ताणलेल्या आसाचे मापच अभिप्रेत असते.

ऐतिहासिक माहिती : गाठी मारून जाळे विणण्याची कला अतिप्राचीन आहे. त्या वेळी फिनलंडमध्ये व आता रशियात असलेल्या अँट्रिया या ठिकाणी १९१३ मध्ये विलोच्या सालीच्या तंतूंचे एक जाळे दलदलीत सापडले. ते सु. १०,००० वर्षांहून अधिक जुने असून त्याच्याबरोबर बुडविण्यासाठी बांधलेले दगड व तरंगण्यासाठी लावलेले सालीचे तुकडेही मिळाले. जाळ्याची रचना, त्याचे तरंगक व वजने यांची मूळ कल्पना तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

गाठी मारणाऱ्या यंत्राचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये व ब्रिटनमध्ये झाले. स्कॉटलंडमधील जेम्स पॅटर्सन यांचे यंत्र त्या शतकाच्या पूर्वार्धात उपयोगात आले. भारतात नायलॉनचा प्रसार झाल्यावर यंत्राने विणलेल्या जाळीचे गठ्ठे बाजारात मिळू लागले व संपूर्ण जाळे हाताने विणण्याचे काम मागे पडले. तथापि फेकजाळे विणणे, तयार जाळीचे तुकडे एकमेकांस जोडणे, जाळी दोरावर चढविणे आणि फाटलेला भाग दुरुस्त करणे ही कामे हातानेच करावी लागतात. त्यामुळे सुई व मापपट्टी यांचे महत्त्व टिकून आहे.

विदर्भातील परिस्थिती : साधनांची निवड पाण्याच्या स्वरूपावर अवलंबून असते, हे वर्धा नदीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ही नदी मध्य प्रदेशातील बेतूल जिल्ह्यात मुलताईच्या परिसरात सातपुड्याच्या पठारावर उगम पावते व पुढे वैनगंगेला मिळते. या संयुक्त प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील नाचणगाव व त्याच्या शेजारचे पुलगाव यांच्या पश्चिमेस ही नदी वाहते आणि तिच्या पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. पावसाळ्यात पात्र दुथडी भरते, हिवाळ्यात प्रवाह मंदावतो आणि उन्हाळ्यात पाणी मुख्यतः डोहांत उरते. वरच्या भागात मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा व आर्वी तालुक्यात निम्न वर्धा हे प्रकल्प झाल्याने नदीच्या काही भागाला जलाशयाचे रूप आले आहे.

उथळ वाहत्या पाण्यात व डोहात एका माणसाला फेकता येणारे फेकजाळे उपयोगी पडते. जलाशयाच्या खोल व स्थिर पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे, माशाचा गळा अडकविणारे जाळे लावतात. त्याला ‘कल्लेजाळे’ असे म्हणता येईल. कारण आसात डोके शिरलेला मासा मागे फिरू लागताच त्याची कल्ल्यांची झाकणे धाग्यात अडकतात. विदर्भात भोई, ढीवर, कहार इ. समाजांचा हा परंपरागत व्यवसाय आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांवर, तसेच पाटबंधाऱ्यांच्या जलाशयांवर मच्छीमारांच्या सहकारी संस्था ठेक्याने मासेमारी करतात. या पाण्यात रोहू, कटला, मृगळ, मरळ, शिंगाडा, पढीन, वाम इ. मासे व झिंगे मिळतात. त्यांचे आकार, शरीराची जाडी व सवयी भिन्न असल्याने एकच सुई, एकच पट्टी व एकच सूत सर्वांना पुरत नाही.

सुई : जाळ्याच्या सुईला टाचणारे टोक किंवा दोरा ओवण्याचे नेढे नसते. ती वस्तुतः सुताचा साठा वाहून नेणारी चपटी फिरकी असते. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पट्टीच्या पुढील भागात लांबट खाच असून तिच्या मध्यभागी जिभेसारखी काडी असते, पुढचे टोक निमुळते व मागचे टोक दुभंगलेले असते. दुसऱ्या प्रकारात पट्टीच्या दोन्ही टोकांना खोबणी असतात व सूत लांबीच्या दिशेने एका खोबणीतून दुसरीत गुंडाळतात. पहिल्या प्रकारच्या सुईतून सूत गरजेपुरते सोडता येते, तिचे टोक लहान आसातून सहज सरकते आणि सूत मध्येच सुटत नाही. म्हणून विणकामासाठी व दुरुस्तीसाठी तीच अधिक पसंत करतात. दुसऱ्या प्रकारची सुई करण्यास सोपी असते व जाड दोर वापरून मोठ्या आसाचे काम करण्यास ती चालते.

सुया पूर्वी बांबू, लाकूड, शिंग किंवा हाड यांच्या करीत. आता प्लॅस्टिकच्या सुया स्वस्तात मिळतात. बांबूची सुई करावयाची झाल्यास पक्व व पूर्ण वाळलेल्या बांबूचा सालीकडील कठीण भाग घेतात. आतील मऊ भागाची जीभ लवकर तुटते. जीभ कोरल्यानंतर सुईच्या सर्व कडा घासून गोल करतात आणि तेल चोळून ती गुळगुळीत करतात. सुईवर एखादी कूस राहिल्यास ती नायलॉनचे तंतू ओढून काढते व सूत त्या जागी दुबळे होते. सुई विकत घेताना जीभ अंगठ्याने दाबून बाहेर आणावी व सोडल्यावर ती पुन्हा जागेवर येते की नाही, हे पाहावे. प्लॅस्टिकच्या सुईच्या कडेवर साच्याची धारदार शीर राहिलेली असल्यास ती काचेच्या कागदाने घासून काढावी.

सुईच्या आकाराचा एक नियम महत्त्वाचा आहे. सूत भरल्यानंतरची सुईची रुंदी मापपट्टीच्या रुंदीपेक्षा कमी असावी. रिकामी सुई आसातून जाते, पण भरलेली अडकते, असे झाल्यास प्रत्येक आसात सुताचे घर्षण होते व कामाचा वेग मंदावतो. उलट फार अरुंद सुईत सूत कमी मावते व वारंवार जोड द्यावे लागतात. जोडाची प्रत्येक गाठ ही जाळ्यातील संभाव्य दुबळी जागा असते. साधारणपणे १५ ते २५ सेंमी. लांबीची सुई हाताच्या पकडीत नीट बसते. अगदी बारीक आसासाठी याहून लहान सुई घेतात.

सुई भरताना सुताचे टोक जिभेभोवती अडकवून सूत मागच्या खोबणीतून नेतात, सुई उलटी करून दुसऱ्या बाजूने वर आणतात व पुन्हा जिभेत अडकवितात. याप्रमाणे एकदा एका बाजूने व एकदा दुसऱ्या बाजूने सूत भरत जातात. सूत फार ताणून भरल्यास जीभ वाकते व सूत सोडताना झटके बसतात. ते सैल भरल्यास फेरे एकमेकांत गुंततात.

मापपट्टी : प्रत्येक आस सारख्या मापाचा व्हावा म्हणून ज्या चपट्या पट्टीभोवती सुताचा फेरा घेतात, तिला मापपट्टी म्हणतात. सूत वरच्या आसापासून पट्टीच्या एका अंगाने खाली येते, खालच्या कडेला वळसा घालते व दुसऱ्या अंगाने वर जाते. या एका फेऱ्यातून आसाच्या दोन बाजू तयार होतात. म्हणून पातळ पट्टीची रुंदी जवळजवळ आसाच्या एका बाजूएवढी असते व ताणलेल्या आसाचे माप पट्टीच्या रुंदीच्या सु. दुप्पट येते. २० मिमी. रुंदीच्या पट्टीवर सु. ४० मिमी.चा व ५० मिमी.च्या पट्टीवर सु. १०० मिमी.चा आस मिळतो. पट्टी जाड असल्यास आस किंचित मोठा येतो. सुताची जाडी व गाठ आवळण्याची प्रत्येकाची पद्धत यांमुळेही थोडा फरक पडतो. यासाठी प्रथम लहान नमुना विणून, तो भिजवून व ओढून, एका ओळीतील दहा आस मोजावेत व सरासरी काढून मगच पट्टी कायम करावी.

कल्लेजाळ्यासाठी पट्टी निवडताना माशाची लांबी व शरीराची ठेवण या दोहोंचा विचार करतात. ताणलेल्या आसाचे योग्य माप म्हणजे अपेक्षित माशाच्या लांबीला एका गुणांकाने भागून येणारी संख्या होय. हा गुणांक लांबट व सडपातळ माशांसाठी सु. ५, मध्यम बांध्याच्या माशांसाठी सु. ३.५ व उंच किंवा जाड शरीराच्या माशांसाठी सु. २.५ धरतात. मासा ४० सेंमी. लांबीचा धरला, तर लांबट माशासाठी ८० मिमी., रोहूसारख्या मध्यम बांध्याच्या माशासाठी सु. ११४ मिमी. आणि कटल्यासारख्या जाड माशासाठी सु. १६० मिमी. आस येतो. पट्ट्यांची रुंदी अनुक्रमे ४०, ५७ व ८० मिमी. भरते. लांबी एकच असूनही पट्टी दुप्पट रुंदीची लागते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिंगाड्यासारखे काटेरी मासे कल्ल्यांऐवजी पराच्या काट्यांनीही जाळ्यात गुंततात. त्यांच्या बाबतीत हा हिशेब केवळ स्थूलमानाने लागू पडतो.

कल्लेजाळ्याची निवडक्षमता बरीच काटेकोर असते. इष्ट लांबीपेक्षा सु. २० टक्क्यांहून अधिक लहान मासे आसातून पार निघून जातात व तितकेच मोठे मासे आसात शिरू शकत नाहीत. म्हणजे ४० सेंमी.च्या रोहूसाठी विणलेल्या जाळ्यात मुख्यतः ३२ ते ४८ सेंमी. लांबीचे रोहू सापडतात.

पट्टीची झीज हा या साधनाचा मोठा दोष होय. बांबूच्या किंवा मऊ लाकडाच्या पट्टीच्या कडेवर सुताच्या घर्षणाने बारीक चऱ्या पडतात व तिची रुंदी हळूहळू कमी होते. पट्टी १ मिमी. झिजली की आस सु. २ मिमी.ने लहान होतो आणि ३.५ हा गुणांक धरल्यास जाळ्यात सापडणारा मासा सु. ७ मिमी.ने आखूड होतो. पट्टी ५ मिमी. झिजेपर्यंत वापरल्यास हा फरक सु. ३.५ सेंमी.पर्यंत जातो. विणणाऱ्याच्या हाताला तो जाणवत नाही. कारण सर्वच आस एकसारखे लहान होत जातात. यासाठी पट्टी कठीण लाकडाची, शिंगाची, प्लॅस्टिकची किंवा गंजणार नाही अशा धातूची करावी, तिच्यावर मूळ रुंदी कोरून ठेवावी व प्रत्येक नवे जाळे सुरू करण्यापूर्वी ती मोजपट्टीने ताडून पाहावी. लाकडी पट्टी पाण्यात भिजली की फुगते व वाळली की आक्रसते; तिला तेल पाजल्यास हा बदल कमी होतो.

सूत : सूत हे साधन नसले, तरी सुई व पट्टी यांची निवड त्यावर अवलंबून असते. विदर्भ हा कापसाचा प्रदेश असून पूर्वी जाळ्यांसाठी सुती धागा तसेच बोरू (सण) व अंबाडी यांचे तंतू वापरीत. सुती धागा मऊ असतो, गाठ घट्ट धरतो व ओला असताना अधिक बळकट होतो. परंतु पाण्यातील सूक्ष्मजंतू त्यातील सेल्युलोज कुजवितात व जाळे थोड्याच काळात निकामी होते. ते टाळण्यासाठी बाभळीच्या सालीचा काढा, टेंभुर्णीच्या वर्गातील फळांचा रस इ. टॅनिनयुक्त पदार्थांत जाळी बुडवून वाळवीत. ही प्रक्रिया पुन्हापुन्हा करावी लागे.

१९५० नंतरच्या दशकांत नायलॉनचा वापर सुरू झाला. कोची येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने जाळ्यांचे धागे, गाठी व रचना यांवर केलेल्या संशोधनाचा या प्रसारात मोठा वाटा आहे. नायलॉन कुजत नाही, सुतापेक्षा पुष्कळ बळकट व लवचिक असतो आणि त्यामुळे बारीक धाग्याचे, माशाला सहज न दिसणारे जाळे करता येते. त्याचे दोष दोन आहेत. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने साधी गाठ सरकते आणि उन्हातील जंबुपार किरणांनी त्याची बळकटी घटते. म्हणून नायलॉनची जाळी सावलीत वाळवावी.

नायलॉनच्या सुताची जाडी डेनिअरमध्ये सांगतात. ९,००० मी. लांबीच्या धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर होय. जाळ्यांसाठी २१० डेनिअरचे धागे एकत्र पिळून सूत करतात. सुतावर ‘२१०/२/३’ असे लिहिलेले असल्यास २१० डेनिअरचे दोन धागे पिळून एक पदर व असे तीन पदर पिळून ते सूत तयार केले आहे, असा अर्थ होतो. एकसंध तंतूचा नायलॉन तंगूस या नावाने मिळतो. तो पारदर्शक व स्वस्त असतो, परंतु ताठ असल्याने त्याची गाठ विशेष काळजीने आवळावी लागते. नायलॉनचे सापेक्ष घनत्व १.१४ असल्याने तो पाण्यात सावकाश बुडतो. पॉलिएथिलीनचे सु. ०.९५ असल्याने ते तरंगते, म्हणून त्याचे दोर जाळ्याच्या वरच्या कडेला सोयीचे पडतात. सूत आसाच्या मानाने फार जाड घेतल्यास जाळे ताठ होते व मासा त्याला शिवून परत फिरतो. फार बारीक घेतल्यास सूत माशाच्या अंगात रुतते व लवकर तुटते.

इतर साधने : कामाची सुरुवात करताना पहिली ओळ ज्यावर बांधतात तो दोर ताणून धरण्यासाठी भिंतीतील किंवा जमिनीतील खुंटी लागते, पुष्कळ विणकर पायाच्या अंगठ्याचाच खुंटीसारखा उपयोग करतात. सूत कापण्यासाठी लहान, टोकदार व धारदार कात्री घ्यावी. बोथट कात्रीने सुताचे पदर सुटतात आणि सुटलेले टोक सुईत भरता येत नाही. नायलॉनचे टोक ज्योतीजवळ क्षणभर धरल्यास वितळून बंद होते. मात्र ज्योत गाठीला लागू देऊ नये, कारण उष्णतेने आजूबाजूचे सूत ठिसूळ होते. शिशाची वजने बसविण्यासाठी पक्कड व आस तपासण्यासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी ही आणखी दोन आवश्यक साधने होत.

विणण्याची कृती : उजव्या हाताने काम करणारा विणकर सामान्यतः डावीकडून उजवीकडे विणत जातो. डाव्या हातात पट्टी धरून ती आधीच्या ओळीच्या आसांखाली लावतात. सुई पट्टीच्या खालून घेऊन वरच्या आसात मागून पुढे काढतात आणि आसाची खालची कड पट्टीच्या वरच्या काठाला टेकेपर्यंत सूत ओढतात. ती जागा डाव्या अंगठ्याने दाबून धरतात. मग सुताचा एक सैल फेरा डावीकडे वर टाकून सुई त्या आसाच्या दोन्ही बाजूंच्या मागून उजवीकडून डावीकडे नेतात व फेऱ्यातून बाहेर काढून खाली ओढतात. या गाठीला विणकऱ्याची गाठ म्हणतात. अंगठ्याची पकड आसाच्या कडेवर नेमकी असणे आवश्यक असते. ती खाली घसरली, तर गाठ वरच्या आसाला न धरता आपल्याच सुताभोवती आवळली जाते. अशी गाठ दिसावयास खऱ्या गाठीसारखीच असते, परंतु ओढ बसताच सरकते व शेजारचे दोन आस लहानमोठे होतात. विणून झालेली प्रत्येक ओळ आडवी ताणून पाहिल्यास अशा गाठी वेळीच ओळखता येतात. नायलॉनवर, विशेषतः तंगुसावर, सुईचा आणखी एक फेरा घेऊन दुहेरी गाठ मारतात.

फेकजाळे मध्यापासून कडेकडे विणतात. ते उघडल्यावर गोल पसरावे म्हणून ठरावीक ओळींनंतर ठरावीक जागी एक जादा फेरा घेऊन आसांची संख्या वाढवितात. हे वाढीव आस सर्व बाजूंना सारख्या अंतरावर आले नाहीत, तर फेकलेले जाळे एका अंगाला दुमडते. बाहेरच्या कडेला शिशाचे मणी ओवतात. वाहत्या पाण्यात जाळे लवकर तळाशी जावे म्हणून मणी जड किंवा जवळजवळ लावतात. डोहात त्यामानाने हलके मणी पुरतात.

जाळी दोरावर चढविणे : कल्लेजाळ्याची जाळी तिच्या ताणलेल्या लांबीपेक्षा आखूड दोरावर बांधतात. दोराची लांबी व जाळीची ताणलेली लांबी यांच्या गुणोत्तरावर आस किती उघडा राहील, हे ठरते. कल्लेजाळ्यात हे गुणोत्तर बहुधा ०.५ च्या जवळपास ठेवतात, म्हणजे १०० मी. जाळी ५० मी. दोरावर चढवितात, अशा वेळी जाळ्याची उंची ताणलेल्या उंचीच्या सु. ८७ टक्के राहते. गुणोत्तर ०.७१ असताना आस पूर्ण चौरस होतो. ते याहून वाढविले, तर आस आडवा पसरतो, जाळे ताठ होते व मासा अडकण्याऐवजी परततो. ठरावीक अंतरावर ठरावीक संख्येने आस बांधले जावेत म्हणून या कामासाठीही पूर्ण अंतराएवढी एक लांब पट्टी करून ठेवणे सोयीचे असते.

दुरुस्ती : फाटलेल्या भोकाच्या कडा वेड्यावाकड्या असल्यास थेट सूत भरू नये. प्रथम कात्रीने कडा नीट छाटून घ्याव्यात. भोकाच्या वरच्या व खालच्या टोकांना तीन बाजू शिल्लक असलेली एकेक गाठ ठेवावी व अन्य ठिकाणी दोन बाजूंच्याच गाठी राहतील, असे पाहावे. वरच्या तीन बाजूंच्या गाठीपासून सुरुवात करून ओळीमागून ओळ विणत खालच्या तीन बाजूंच्या गाठीशी शेवट केला म्हणजे एकही आस कमी-अधिक होत नाही. नवे सूत जुन्याएवढ्याच जाडीचे असावे. दुरुस्ती करताना सुलभतेसाठी हाती असेल ती पट्टी किंवा नुसती बोटे वापरण्याची प्रवृत्ती असते. वारंवार डागडुजी झालेल्या जाळ्यात त्यामुळे लहान आसांचे तुकडे साचत जातात व मूळचे मोठ्या आसाचे जाळे काही वर्षांत लहान मासे धरू लागते. म्हणून प्रत्येक जाळ्याची पट्टी त्या जाळ्याबरोबरच बांधून ठेवावी.

आसाचे माप व मत्स्यसंरक्षण : रोहू, कटला व मृगळ हे मासे सामान्यतः दुसऱ्या ते तिसऱ्या वर्षी प्रथम प्रजननक्षम होतात व पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. एकदाही अंडी घालण्यापूर्वी मासा पकडला गेला, तर पुढील पिढीतील भर थांबते व त्याच माशाचे पुढे वाढणारे वजनही मच्छीमाराच्या हातून जाते. हीरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये पोषग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून या जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केल्यानंतर जलाशयांत मत्स्यबीज सोडणे शक्य झाले. परंतु बारीक आसाचे जाळे सोडलेले बीज वाढण्यापूर्वीच काढून घेते व त्यावरील खर्च वाया जातो.

जाळ्यांवर नियंत्रण ठेवण्याची कल्पना नवी नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमाने सुरुंग व विष यांच्या साहाय्याने मासे मारण्यास बंदी केली आणि जाळ्यांचे प्रकार व आकार यांसंबंधी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्रात १९६० चा मत्स्योद्योग अधिनियम व सागरी मासेमारीसाठी १९८१ चा नियमन अधिनियम झाला. २०२३ मध्ये राज्याने सागरी माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. किमान लांबीचा नियम मासा पकडल्यानंतर लागू होतो व तोपर्यंत मासा बहुधा मेलेला असतो. आसाचे माप मात्र मासा पाण्यात असतानाच त्याला सोडते. म्हणून दोहोंपैकी तेच अधिक परिणामकारक ठरते.

बारीक आसाच्या स्वस्त जाळीचा व मच्छरदाणीच्या कापडाचा वापर हा या दृष्टीने मोठा धोका होय. त्यात सुई किंवा पट्टी लागत नाही, श्रमही थोडे पडतात. पण अशा कापडातून बोटाएवढी पिलेही सुटत नाहीत. उन्हाळ्यात नदीचे पाणी डोहांत उरते, तेव्हा त्याचा परिणाम सर्वांत तीव्र होतो. पावसाळ्यात नदी पुन्हा वसविणारे मासे त्याच डोहांत आसरा घेऊन राहिलेले असतात. हरवलेली नायलॉनची जाळी ही दुसरी अडचण आहे. सुती जाळे तळाशी कुजून जाई. नायलॉनचे जाळे मालकाविना दीर्घकाळ मासे धरीत राहते. याकरिता जाळ्यावर खूण बांधणे व निकामी जाळी पाण्याबाहेर आणणे आवश्यक आहे.

मोठ्या आसाचा लाभ एका विणकऱ्याच्या संयमाने मिळत नाही. एकाने सोडलेला लहान मासा शेजाऱ्याच्या जाळ्यात सापडत असेल, तर रुंद पट्टी वापरणाऱ्याचे नुकसानच होते. ठेक्याच्या जलाशयावर मात्र सर्व सभासद एका संस्थेचे असल्याने हा प्रश्न सुटू शकतो. संस्थेने मुख्य माशांसाठी पट्ट्यांची रुंदी ठरवावी, कठीण द्रव्याच्या नमुना-पट्ट्या कार्यालयात ठेवाव्यात व जाळी पाण्यात जाण्यापूर्वी त्यांवर तपासून घ्यावीत, ही व्यवस्था अल्प खर्चाची आहे. तपासणीत एका ओळीतील दहा आस ओले असताना मोजणे पुरेसे होते. वाहत्या नदीत असे एकमत घडविणे अधिक कठीण असले, तरी काठावरील गावांनी निदान उन्हाळी डोहांपुरते ते केल्यास पुढील हंगामाचे बीज नदीतच राहते.